साडेएक्केचाळीस मीटर

बरोबरीत अडकलेला फुटबॉलचा सामना आळीपाळीने पाच-पाच पेनल्टी मारून निकाली काढतात, त्याला पेनल्टी शूटआउट म्हणा, नाहीतर आपल्याकडे सगळे म्हणतात तसं टायब्रेकर म्हणा, सगळ्यांची नजर असते ती पेनल्टीच्या ठिपक्यावर. पण किक चुकते ती बऱ्याचदा ठिपक्याच्या कितीतरी आधी. मैदान १०५ मीटर लांब असेल तर मधल्या रेषेपासून गोलरेषा साडेबावन्न मीटरवर येते. त्यातून ठिपक्याचे ११ मीटर वजा केले की उरतात साडेएक्केचाळीस. मधल्या वर्तुळातून निघून एवढं अंतर खेळाडूला एकट्याने चालत जायचं असतं. साध्या चालीने अर्धा मिनिट लागतो. अख्ख्या सामन्यात असा रिकामा अर्धा मिनिट त्याला कधीच मिळालेला नसतो. पास द्यायचा नसतो, कुणाला अडवायचं नसतं. पाय चालत असतात आणि डोकं मोकाट सुटलेलं असतं. सोलापूरला होम मैदानावर सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत आकाशपाळणा वर जाऊन थांबला की पोटात जे होतं, ते इथे चालता चालता होतं.

टायब्रेकर म्हणजे निव्वळ नशिबाचा खेळ, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. नशीब आहेच. पोस्टला लागलेला चेंडू आत वळतो की बाहेर, हे कुणाच्या हातात नाही. पण ही चाल, चेंडू ठेवणं, शिट्टीची वाट पाहणं आणि शिट्टीनंतरचे दोन-तीन सेकंद, या सगळ्याचा सराव करता येतो. आपले संघ सराव करतात तो फक्त लाथ मारण्याचा.

खरं नशीब पूर्वी होतं. १९६८ च्या युरो स्पर्धेत नेपल्सला इटली आणि सोव्हिएत संघाची उपांत्य लढत जादा वेळेनंतरही ०-० राहिली, आणि इटली अंतिम फेरीत गेली ती नाणं उडवून. १९७० मध्ये फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयफॅबने टायब्रेकर आणला. विश्वचषकात त्याची पहिली वेळ आली १९८२ मध्ये सेव्हिलला, पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स ३-३ असे अडकल्यावर. मधल्या काळात, १९७६ ला बेलग्रेडमध्ये, युरोची फायनल टायब्रेकरवर गेली. पश्चिम जर्मनीच्या उली होनेसने चेंडू बारवरून मारला. मग चेकोस्लोव्हाकियाचा अंतोनिन पानेन्का आला, सेप मायर डावीकडे झेपावला आणि पानेन्काने चेंडू मधोमध अलगद उचलून टाकला. ही किक त्याला त्या रात्री सुचलेली नव्हती. आपल्या क्लबच्या सरावानंतर तो तिथल्या गोलकीपरसोबत बिअरच्या आणि चॉकलेटच्या पैजा लावून पेनल्टी मारायचा. सारखा हरायला लागला तेव्हा त्याने विचार केला, की गोली किकच्या आधीच कुठेतरी उडी घेतो, मग तो जिथून उठला तिथेच चेंडू टाकला तर? पुढे बराच काळ त्याने ती घोटली, मग फायनलमध्ये काढली.

त्याचा विचार बरोबर होता हे साध्या हिशोबाने कळतं. गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच, म्हणजे ७.३२ बाय २.४४ मीटर. ताशी ९० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू सेकंदाला २५ मीटर जातो. ११ मीटर कापायला त्याला अर्धा सेकंदही लागत नाही, ०.४४ लागतो. त्यातला जवळपास निम्मा वेळ गोलीच्या डोळ्याने पाहून मेंदूने ठरवण्यात जातो. उरलेल्या वेळात पोस्टपर्यंतचे १२ फूट झेपावणं माणसाच्या शरीराला जमत नाही. म्हणून गोलीला चेंडू सुटायच्या आत, किंवा सुटता सुटता, बाजू धरावी लागते. आणि बाजू धरण्याची सवय इतकी पक्की असते की तो उभा राहायला कचरतो. इस्रायलच्या संशोधकांनी २८६ पेनल्टी तपासल्या, तेव्हा २८.७ टक्के किक मध्यभागी आल्या होत्या आणि गोली मध्यभागी थांबले होते फक्त ६.३ टक्के वेळा. कारण समजण्यासारखं आहे. झेप घेऊन गोल खाल्ला तर प्रयत्न दिसतो. उभं राहून खाल्ला तर सगळं मैदान विचारतं, हा काय खांबासारखा उभा होता?

दुसरा हिशोब कॅप्टनने आधीच मनाशी घालून ठेवावा असा आहे. तुमचा प्रत्येक खेळाडू चारपैकी तीन पेनल्टी घालतो असं धरा. म्हणजे चांगलेच खेळाडू. तर पाचही जण गोल करतील ही शक्यता किती? पाऊण गुणिले पाऊण, असं पाचदा. शंभरात २४ सुद्धा येत नाही. दर चार टायब्रेकरपैकी तिनांत तुमचं कुणीतरी चुकणारच. तेव्हा पहिला चुकल्यावर वर्तुळातल्या नऊ जणांनी डोक्याला हात लावायचा नाही. तो परत येताना पाहणाऱ्या पुढच्या खेळाडूच्या मनावर त्या हाताचा परिणाम होतो. चुकलेल्याला घ्यायला कुणीतरी चार पावलं पुढे जावं, हे आधीच ठरवून ठेवावं. जगातले चांगले संघ हे आता नेमून करतात.

नॉर्वेचे संशोधक गेर योर्डेट यांनी टायब्रेकरच्या चित्रफिती वर्षानुवर्षं पाहून काढलेली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. गोल झाला तर सामना जिंकला, अशी किक असेल तर ९२ टक्के किक गोल झाल्या. चुकलो तर सामना हरलो, अशी किक असेल तेव्हा हे प्रमाण ६० टक्क्यांच्याही खाली आलं. ठिपका तोच, अंतर तेच, गोलही तेवढाच. फरक सगळा चालताना डोक्यात काय वाजत होतं त्याचा. दुसरी गोष्ट घाईची. पंचाची शिट्टी वाजताक्षणी सुटणारे खेळाडू जास्त चुकतात, आणि एके काळी इंग्लंडचे खेळाडू यात सगळ्यांत घाईचे होते. शिट्टी म्हणजे परवानगी, हुकूम नव्हे. शिट्टीनंतर एक पूर्ण श्वास आत, एक बाहेर, मग पाऊल. पंच काही बोलत नाही.

हा वेळ कुणाच्या ताब्यात आहे यावर किती अवलंबून असतं, ते १८ डिसेंबर २०२२ ला कतारमधल्या लुसैलमध्ये, अर्जेंटिना आणि फ्रान्सच्या विश्वचषक फायनलमध्ये दिसलं. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ३-३ नंतर फ्रान्सने सुरुवात केली, एम्बाप्पेने गोल केला, मेस्सीने केला. मग फ्रान्सचा कोमान आला. अर्जेंटिनाचा गोली एमिलियानो मार्टिनेझने पंचाला चेंडू नीट ठिपक्यावर आहे का ते बघायला लावलं. तेवढाच खोळंबा. कोमानची किक त्याने अडवली. पुढच्या चुआमेनीच्या वेळी चेंडू मार्टिनेझच्या हातात होता, त्याने तो बाजूला फेकून दिला. विश्वचषकाच्या फायनलमध्ये त्या पोराला चेंडू आणायला जावं लागलं. त्याने किक बाहेर मारली. अर्जेंटिनाच्या पारेदेससाठी मात्र मार्टिनेझने स्वतः चेंडू नेऊन दिला. शेवटची किक माँतिएलने घातली आणि निकाल ४-२.

पुढच्या वर्षी नियमाच्या पुस्तकात ओळ आली, की गोलकीपरने किक मारणाऱ्याचं लक्ष विचलित करू नये, किक लांबवू नये, पोस्ट, बार किंवा जाळीला हात लावू नये. पण चेंडू आपल्या खेळाडूच्या हातात नेऊन देणं अजूनही पूर्ण नियमात बसतं. प्रतिस्पर्ध्याची किक झाली की आपल्या गोलीने चेंडू उचलायचा, आपला माणूस डीपाशी, म्हणजे मोठ्या चौकटीपाशी, आला की त्याच्या हातात ठेवायचा, एक शब्द बोलायचा आणि बाजूला व्हायचं. यासाठी कौशल्य लागत नाही. फक्त ठरवलेलं असावं लागतं.

आता किककडे. पेनल्टी मारणारे दोन जातीचे. एक, वर्तुळातच कोपरा ठरवून निघणारे. दुसरे, धावताना गोलीकडे बघून तो झुकेल त्याच्या उलट टाकणारे. पहिल्याला जोर आणि अचूकता लागते, दुसऱ्याला धीर आणि शेवटच्या पावलावर पायाचा घोटा वळवण्याची कला. युरो २०२४ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध इंग्लंडच्या आयव्हन टोनीने चेंडूकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर पूर्ण वेळ गोलीवर, आणि चेंडू जाळीत. दोन्ही पद्धती चालतात. या दोन्हींची खिचडी चालत नाही. कोपरा ठरवून निघालेला खेळाडू शेवटच्या दोन पावलांत गोलीला त्याच बाजूला सरकताना बघतो आणि बेत बदलतो. टेकणारा पाय तोवर जुन्या दिशेने रोवलेला असतो, कंबर नव्या दिशेने वळू लागते. चेंडू धड इकडे ना तिकडे, कंबरेच्या उंचीवर, अर्ध्या जोराने जातो. गोलीला यापेक्षा सोपा चेंडू दुसरा नाही. ज्याने कोपरा ठरवला त्याने गोली तिकडे गेला तरी तिकडेच मारावा. पोस्टपासून दोन-तीन फुटांच्या आत जमिनीलगत गेलेला जोरदार चेंडू, बाजू बरोबर धरूनही, क्वचितच अडतो.

टेकणारा पाय हा किकचा अर्धा भाग आहे. चेंडूच्या बाजूला, साधारण वीतभर अंतर सोडून, पंजा जिकडे मारायचं तिकडे. हा पाय चेंडूच्या मागे राहिला की अंग मागे रेलतं, बूट चेंडूच्या खाली शिरतो आणि चेंडू बारवरून जातो. १९९४ च्या फायनलमध्ये पॅसाडेनाच्या उन्हात १२० मिनिटं दुखऱ्या पायाने खेळलेल्या रॉबर्तो बाज्जोचा चेंडू असाच वर गेला. थकलेला माणूस मागे रेलतो, कारण मांडी वर उचलायला जोर लागतो. म्हणून दमलेल्या खेळाडूला मी सांगेन, पायाच्या आतल्या बाजूने, खाली, जमिनीलगत. छाती चेंडूवर राहिली पाहिजे. वरचा कोपरा गोलीच्या आवाक्याबाहेर असतो हे खरं, पण तिथे नेम एक फूट चुकला तर चेंडू थेट बाहेर.

धावताना थबकणं, वेग कमी-जास्त करणं, उडी मारणं नियमाला चालतं. धाव पूर्ण करून चेंडूपाशी पोचल्यावर हूल देणं चालत नाही. टायब्रेकरमध्ये तसं केलं तर किक हुकली असं धरतात आणि वर पिवळं कार्ड. घसरून चेंडू दोन्ही पायांना लागला तर काय, यावरून २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या माद्रिदमधल्या सामन्यात हुलियान अल्वारेझचा गोल रद्द झाला आणि मोठा वाद पेटला. त्यानंतर आयफॅबने खुलासा केला. दुसरा स्पर्श नकळत झाला आणि गोल झाला, तर किक पुन्हा घ्यायची. नकळत स्पर्श होऊन गोल झाला नाही, तर ती हुकली. आपल्याकडच्या मुरमाच्या मैदानावर हा खुलासा पंचांनी तोंडपाठ ठेवावा. इथे टेकणारा पाय घसरणं ही रोजची गोष्ट आहे.

क्रमावरून बरीच भांडणं होतात. सगळ्यांत भरवशाचा खेळाडू पाचवा ठेवायचा, ही आपल्याकडची लाडकी समजूत. २०१२ च्या युरो उपांत्य फेरीत पोर्तुगालने रोनाल्डोला पाचवा ठेवला, स्पेनने ४-२ ने त्याआधीच सामना संपवला. २०२२ च्या विश्वचषकात ब्राझीलने नेमारला पाचवा ठेवला. क्रोएशियाविरुद्ध रॉड्रिगोची किक अडली, मार्किन्योसची पोस्टला लागली, आणि नेमार वर्तुळात उभाच राहिला. पाचवी किक येईलच याची खात्री नसते. पहिली तर नक्की येते. माझ्या मते पहिली आणि चौथी या दोन जागा भरवशाच्या माणसांसाठी. पहिल्याने गोल घातला की मागच्या चौघांचा श्वास सुटतो, आणि चौथी किक अशा जागी येते जिथे चुकलं तर बऱ्याचदा सामनाच संपतो. आधी मारणाऱ्या संघाला फायदा होतो असा एका अभ्यासाचा बोलबाला झाला होता, त्यात १०० पैकी ६० वेळा पहिला संघ जिंकलेला आढळला. पुढे जास्त टायब्रेकर मोजल्यावर तो फायदा तेवढा ठाम राहिला नाही. टॉस जिंकलात तर आधी मारा, हरलात तर मनाला लावून घेऊ नका.

खास पेनल्टीसाठी शेवटच्या मिनिटाला बदली खेळाडू आणणं मला धोक्याचं वाटतं. ११ जुलै २०२१ ला वेम्बलीवर इटलीविरुद्धच्या युरो फायनलमध्ये इंग्लंडचे रॅशफर्ड आणि सँचो १२० व्या मिनिटाला आत आले. रॅशफर्डने डोन्नारुम्माला चुकीच्या बाजूला पाठवलं आणि चेंडू पोस्टला मारला. सँचोची किक अडली, मग साकाची. २०२२ ला मोरोक्कोविरुद्ध स्पेनने साराबियाला ११८ व्या मिनिटाला आणलं, त्याचीही किक पोस्टला लागली. पाय गार, चेंडूचा अंदाज नाही, गवताचा अंदाज नाही, आणि आपल्याला फक्त यासाठीच आणलंय हे ओझं वेगळं. डिबालाने २०२२ च्या फायनलमध्ये अगदी शेवटी येऊन गोल केला, तेव्हा हे कधीच जमत नाही असं नाही. पण बदली आणायचाच तर दहा-पंधरा मिनिटं आधी आणा, त्याचा चेंडूला पाच-सहा वेळा पाय लागू द्या. तोच साका २०२४ ला स्वित्झर्लंडविरुद्ध पुन्हा ठिपक्यावर आला आणि त्याने घातला, हे इथे सांगायलाच हवं.

मोरोक्कोच्या त्या सामन्यात स्पेनची एकही किक आत गेली नाही. एक पोस्टला, दोन यासिन बोनोने अडवल्या. प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी खेळाडूंना क्लबमध्ये किमान १००० पेनल्टी मारून यायला सांगितलं होतं. हजार किक मारून पाय तयार होतो. हजारांतल्या प्रत्येकीनंतर दुसरी मिळते हे पायाला माहीत असतं, आणि टायब्रेकरमध्ये दुसरी मिळत नाही. आपल्या सिद्धेश्वर यात्रेआधी नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलण्याचा सराव आठवडेच्या आठवडे चालतो, तो मोकळ्या हातांनी होत नाही, काठी उचलूनच होतो. टायब्रेकरचा सरावही ओझ्यासकटच व्हायला हवा.

तो आपल्या मैदानावर कसा करायचा ते सांगतो. आधी ठिपका. बारा पावलं मोजून ठिपका मारण्याची पद्धत सोडा. बारा यार्ड म्हणजे ३६ फूट. शाळेतल्या मुलाचं पाऊल दोन-अडीच फुटांचं, त्याच्या बारा पावलांत जास्तीत जास्त तीस फूट भरतात. वर्षभर जवळून मारलेल्या मुलाला स्पर्धेत खरा ठिपका परका वाटतो. टेप घ्या, दोन पोस्टच्या मधोमध गोलरेषेपासून ३६ फूट. मग दोन्ही पोस्टच्या आतल्या बुडापासून ठिपक्यापर्यंत टेप लावा, दोन्हीकडे ३७ फूट ११ इंच आलं की ठिपका सरळ. फक्की मारण्याआधी तिथला खड्डा ओल्या मातीने भरून ठोकून घ्या. ठिपका २२ सेंटिमीटरचा असतो. चेंडू खड्ड्यात बसला की बूट आधी कडेला लागतो. टेकणाऱ्या पायाखालचे मुरमाचे खडे खेळाडूने स्वतः बुटाने बाजूला करावेत, त्याची कुणी घाई करू नये. कडक जमिनीवर लांब स्टडचे बूट नकोत, माणूस खडावांवर उभा राहिल्यासारखा डगमगतो. आखूड रबरी स्टड बरे. आणि सकाळी भरलेला चेंडू सोलापूरच्या दुपारी उन्हात पडू देऊ नका. तो आणखी कडक होतो आणि पायावरून उडतो.

आता चादर. आपली एकेरी सोलापुरी चादर साधारण पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब. दोन जुन्या चादरी घ्या, एकेक दोन्ही पोस्टना लागून बारवरून उभी सोडा, वरून सुतळीने बांधा. आठ फूट उंचीत ती जमिनीपासून अर्धा फूट वर राहते. २४ फुटांतले दहा फूट चादरींनी झाकले, मधे राहिले चौदा. हे मधले चौदा फूट गोलीचे, दोन्ही चादरी तुमच्या. चादरीवर बसलेला चेंडू धप्प आवाज करून तिथेच पडतो, जाळी नसली तरी चेंडू आणायला मैदानाबाहेर पळावं लागत नाही. पहिले काही दिवस गोलीशिवाय मारा. दहांतले सात-आठ चादरीच्या खालच्या अर्ध्यात बसायला लागले की चादरी काढा आणि गोली उभा करा.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा, सरावाच्या अगदी शेवटी, पाय दमलेले असताना, पूर्ण टायब्रेकर. सगळे वर्तुळात. एकेकाने चालत जायचं, धावत नाही. गोलीने चेंडू द्यायचा किंवा मुद्दाम उशीर करायचा. शिट्टी कधी पाच सेकंदांनी, कधी वीस सेकंदांनी. बाकीच्यांनी हवा तेवढा आरडाओरडा करावा. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर जाऊन खेळायचं असेल तर त्याहून जास्त ऐकून घ्यावं लागेल. प्रत्येकाला एकच किक. हुकली तर त्या दिवशी दुसरी नाही, आणि हाच सगळ्या सरावाचा गाभा आहे. एका वहीत तारीख, नाव, कुठली बाजू, उंची, निकाल लिहीत जा. तीसेक किक झाल्या की वही बोलायला लागते. अमुक मुलगा हरण्याच्या वेळी नेहमी आपल्या सोप्या बाजूला मारतो, म्हणजे उजव्या पायाचा असेल तर स्वतःच्या डावीकडे. अमुक मुलगा सरावात मागच्या रांगेत असतो पण एकदाही हुकलेला नाही. यादी या वहीवरून करायची, नावावरून नाही.

वही गोलीच्याही कामाची. २००६ मध्ये बर्लिनला अर्जेंटिनाविरुद्ध जर्मनीच्या येन्स लेमनच्या मोज्यात चिठ्ठी होती, कोण कुठे मारतो याची. प्रत्येक किकआधी तो ती काढून बघायचा. शेवटी आलेल्या कांबियासोचं नाव तीत नव्हतंच. लेमनने तरीही चिठ्ठी काढली, शांतपणे वाचली, परत ठेवली आणि किक अडवली. २०२४ च्या युरोत इंग्लंडचा गोली जॉर्डन पिकफर्डने पाण्याच्या बाटलीवर यादी चिकटवली होती. स्वित्झर्लंडच्या अकांजीसाठी डावीकडे झेपावायचं लिहिलं होतं, तो डावीकडे गेला आणि चेंडू त्याच्याकडेच आला. नेदरलँड्सच्या लुई व्हान हालने २०१४ ला कोस्टा रिकाविरुद्ध टायब्रेकरच्या मिनिटभर आधी गोलीच बदलला. टिम क्रुल आला, पाचही किकवर बरोबर बाजूला गेला, दोन अडवल्या. पुढच्याच फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध तिन्ही बदल आधीच वापरून झाले होते, क्रुल बाकावर बसून राहिला आणि नेदरलँड्स हरली.

गोलीने नियमातली एक गोष्ट घोटून घ्यावी. चेंडूला लाथ बसेल त्या क्षणी त्याच्या एका पायाचा निदान काही भाग गोलरेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा मागे हवा. आधी निघाला आणि चेंडू अडवला, तर पहिल्यांदा समज आणि किक पुन्हा. परत केलं तर पिवळं कार्ड. अडवलेली किक अशी परत द्यावी लागण्याइतकं वाईट काही नाही. गोलीने वाट पाहिली तर काय होतं ते ४ जुलै २०२३ ला बेंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर बघायला मिळालं. दक्षिण आशियाई सॅफ स्पर्धेची फायनल, भारत आणि कुवेत १-१. पाच-पाच किकनंतर ४-४. सडन डेथमध्ये, म्हणजे एकेका किकवर निकाल लागतो तेव्हा, महेश नाओरेमने घातला, आणि भारताचा गोली गुरप्रीतसिंग संधूने खाली झेपावत कुवेतच्या हाजियाची किक बाहेर काढली. तीन दिवसांपूर्वी लेबनॉनविरुद्धच्या उपांत्य फेरीतही त्यानेच पहिली किक अडवली होती.

काही नियम आयोजकांसाठी, कारण आपल्याकडे जादा वेळ न देता थेट टायब्रेकर लावणाऱ्या स्पर्धा बऱ्याच. सामना संपला तेव्हा मैदानात होते तेच मारू शकतात, बाकावरचा नाही. एका संघाचे दहाच उरले असतील तर दुसऱ्यानेही एक कमी करून दहावर यायचं. पंचाला क्रमाची यादी आधी देण्याची गरज नाही, त्यामुळे चौथा कोण हे तिसऱ्याची किक पाहूनही बदलता येतं. एक सहाय्यक पंच गोलरेषेवर, छोट्या चौकटीच्या टोकाशी, दुसरा वर्तुळात. जाळी नसेल तर गोलरेषेवरचा माणूस हवाच. चेंडू पोस्टच्या आतून गेला की बाहेरून, यावरून उठलेली भांडणं फोनवरच्या व्हिडिओने मिटत नाहीत.

आणि यादी पाचाची करू नका, अकराची करा. सगळ्यांची एकेक किक झाल्याशिवाय कुणालाही दुसरी मिळत नाही. ८ फेब्रुवारी २०१५ ला आफ्रिका चषकाच्या फायनलमध्ये आयव्हरी कोस्ट आणि घाना ०-० वर अडकले. आयव्हरी कोस्टने पहिल्या दोन्ही किक घालवल्या, तरी सामना पुढे सरकत राहिला, दहा-दहा जणांच्या किक संपल्या. उरले दोन गोलकीपर. आयव्हरी कोस्टचा बूबाकार बारी मुळात या सामन्यात खेळणारच नव्हता, नेहमीचा गोली जखमी म्हणून तो उभा होता. त्याने घानाच्या गोलीची किक अडवली. मग पायात गोळे आलेले असताना उठला, चेंडू ठिपक्यावर ठेवला, आणि स्वतः मारून ९-८ केले.